जाता जाता एक पीळ

आमच्या घराण्यात मिठी मारायची पद्धत नाही, पाना मारायची आहे. कुणावर जीव जडला की त्याचं काहीतरी आवळून द्यायचं. सायकलचं चाक, नळाची तोटी, चष्म्याची काडी, हाताशी येईल ते. आत्याच्या लग्नात काकांनी आहेर म्हणून तिच्या सासरच्या पलंगाचे सगळे बोल्ट आवळून दिले होते. लग्न वर्षभरात मोडलं. पलंग अजून करकरलेला नाही, असं तिकडून कळतं.

घर वर, गॅरेज खाली. जिना गॅरेजातच उतरतो, त्यामुळे बाहेर पडायचं तर आत उभ्या असलेल्या गाडीला वळसा घालावाच लागतो. दाराजवळच्या खिळ्याला सतरा नंबरचा पाना टांगलेला असतो. काकांचा नियम असा, की गॅरेजात गळकी गाडी असेल तर जाता-येता प्रत्येकाने गळतीच्या जागी एक पीळ द्यायचा आणि मगच पुढे जायचं.

"गळतंय म्हणजे सैल आहे," काका म्हणतात, "आणि सैल आहे म्हणजे घरात कुणीतरी आळशी आहे."

हे म्हणताना ते दादाकडे बघतात. दादा म्हणजे त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. दादा माझ्याकडे बघतो. माझ्यापुढे रांगेत कुणी नसल्यामुळे मी गाडीकडे बघते.

गाडीचं नाव हट्टी. दोन दारांची, जुनी, रंग एकेकाळी लाल असावा. तिला आम्ही टर्बो बसवला, म्हणजे मी बसवला आणि काकांनी प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळला. टर्बो हा गोगलगाईच्या शंखासारख्या डबीत बसवलेला एक पंखा. इंजिनाच्या धुराने तो फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. आमच्या घरातली ही सगळ्यात वेगाने फिरणारी वस्तू, आत्याने आणलेल्या बातम्या धरून. एवढं फिरायचं तर तेल लागतं. वरून एक बारीक नळी पंपाच्या जोराने तेल आणते, खालून एक जाड नळी ते परत नेते. खालच्या तेलाला कुणी ढकलत नाही. ते आपलं उताराने, रमतगमत, फिरायला गेलेल्या पेन्शनरासारखं घरी येतं.

वरची नळी जिथे टर्बोला जोडतात तिथे एक पोकळ बोल्ट असतो. त्याला बँजो बोल्ट म्हणतात, पण वाजत नाही, गळतो. नळीच्या दोन्ही अंगांना तांब्याची एकेक वॉशर.

मलाही घरात वॉशरच म्हणतात. लहानपणी मला काका आणि आत्या यांच्या मधोमध बसवायचे, म्हणजे भांडण बाहेर गळत नसे.

आता रविवारचं सांगते. रविवारी चढाची शर्यत होती. शर्यतीआधी गाडीखाली पांढरा कागद अंथरतात, इंजिन चालू ठेवतात आणि बघतात. कागदावर तेलाचा एक थेंब पडला की गाडी घरी. मागच्या वर्षी आमचा एक थेंब पडला होता. काका आजही सांगतात की तो चहा होता. गाडीखाली चहा पीत कोण बसलं होतं, याचा तपास अजून लागलेला नाही.

त्या दिवसापासून काकांच्या मनातून टर्बो उतरला होता. गाडीतून उतरायचा बाकी होता.

"यंदा थेंब पडला तर ही गोगलगाय काढून टाकायची," त्यांनी सोमवारी सकाळी जाहीर केलं. "पुढच्या वर्षीपासून साधी गाडी. साधी गाडी दादा चालवेल."

दादा गाडी अशी चालवतो की मागच्या सीटवर कुणीतरी अंडी उबवत बसलंय. म्हणजे टर्बो उतरला की मीही उतरणार होते, आणि थेट गॅरेजच्या काउंटरमागे जाऊन बसणार होते. तिथे एक खुर्ची आहे. काकांनी ती इतकी आवळून ठेवलीय की फिरायची खुर्ची असून फिरत नाही.

"आणि थेंब नाही पडला तर?" मी विचारलं.

"पडेल," काका म्हणाले, आणि जाता जाता एक पीळ दिला.

टक्.

बोल्टचं डोकं त्यांच्या पान्यात आलं, उरलेला बोल्ट टर्बोत राहिला. काकांनी डोकं उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"मालच हलका," ते म्हणाले.

त्या तुटक्या बोल्टचा बुंधा काढण्यात माझा सोमवार गेला. काढल्यावर आत काय काय निघालं ते सांगण्यासारखं आहे. आट्यांवर नळदुरुस्तीची पांढरी टेप होती. टेपवर लाल सीलंट, लाल सीलंटवर काळं सीलंट, आणि काळ्यावर कशाचा तरी गुलाबी थर, जो नंतर आत्याचा नेलपेंट निघाला.

"टेप कुणी लावली?" मी विचारलं.

"मी," दादा म्हणाला. "नळाला लावतात ना?"

"दादा, हा नळ नाही. या टेपचा तुकडा सुटून आत गेला की तेलाची वाट बंद. मग पंखा कोरडा फिरतो आणि मरतो."

"पण गळती थांबते की नाही?"

"मेल्यावर सगळ्यांचीच थांबते."

सगळं खरवडून, धुऊन, मी नवा बोल्ट आणि नव्या वॉशर घातल्या. मग काकांच्या पाठीमागे मी माझा टॉर्क पाना काढला. हा पाना जेवढं लावलंय तेवढा जोर झाला की कट् असा आवाज करतो. म्हणजे बास, थांबा. काका या पान्याचा उल्लेख घरात करू देत नाहीत. मी तो पहिल्यांदा आणला तेव्हा त्यांनी कट् ऐकून त्याच्यावरच आणखी दोनदा जोर काढला होता. "पाना सांगणार मला, कुठे थांबायचं ते? हा काय माझा सासरा आहे?"

कट्. मी थांबले. इंजिन चालू केलं, तापवलं, खाली पुठ्ठा ठेवला. पुठ्ठा कोरडा. मी पुठ्ठ्याचा वास घेतला. पुठ्ठ्याचाच वास आला. आयुष्यात इतकं समाधान फार कमी वेळा मिळतं, आणि मिळालं की आपण पुठ्ठा हुंगत असतो.

मंगळवारी सकाळी खाली उतरले तर पुठ्ठ्यावर काळा, गोल, तुकतुकीत थेंब.

पुन्हा खोललं. वॉशर चेपून कागदासारख्या झालेल्या. नव्या घातल्या, कट्, कोरडा पुठ्ठा. बुधवारी सकाळी पुन्हा थेंब. आता मात्र मला माझ्यावरच शंका यायला लागली. उष्णतेने सैल होत असेल का? बोल्टची लांबी चुकली का? की काका म्हणतात तसं घरात खरोखर कुणीतरी आळशी आहे आणि ती मी आहे?

त्या दिवशी मी आत्याचा तोच गुलाबी नेलपेंट घेतला आणि आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यापासून त्याने धरलेल्या नळीच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली. बोल्ट जरा जरी हलला तरी रेघ तुटणार.

गुरुवारी सकाळी रेघेचा वरचा तुकडा पश्चिमेला होता आणि खालचा पूर्वेला. बोल्ट सैल झाला नव्हता. उलट चांगला अर्धा फेरा आणखी आवळला गेला होता.

मी सगळ्यांना गॅरेजात बोलावलं. काका, आई, आत्या, दादा. शेजारचा शिंपी न बोलावता आला. त्याचं दुकान आमच्या भिंतीला लागून आहे आणि भिंत पातळ आहे.

"काल कोरडी झोपलेली ही गाडी," मी म्हटलं, "सकाळी गळतेय. कुणी हात लावला?"

आई म्हणाली, "मी काही पाना-बिना घेतला नाही हं मुद्दाम. धुणं घेऊन चालले होते. एका हातात बादली. दुसरा हात मोकळाच होता, मग त्याचं करायचं काय?"

"म्हणजे पिळलास."

"थोडंसं. मायेनं."

"आत्या?"

"माझ्या हातात कुठला आलाय जोर," आत्या म्हणाली. "म्हणून पान्यात काठी अडकवली आणि काठीवर बसले."

इथे सांगायला हवं की पान्याची दांडी जेवढी लांब तेवढा जोर जास्त. आत्याची काठी तिच्या छातीपर्यंत येते, आणि आत्या काही कापसाची नाही. एवढ्या जोराने पूलसुद्धा आवळता येतो.

"मी दोनदाच," दादा म्हणाला. "जाताना आणि येताना."

"मीही आपला एक हात लावला," शिंप्याने गळ्यातली टेप सारखी करत सांगितलं. "इतकी वर्षं शेजार आहे. घरचंच कार्य."

सगळे काकांकडे वळले.

"मी हात लावलेला नाही," काका म्हणाले. "मी फक्त घट्ट आहे का ते बघितलं."

"कसं बघितलं?"

"पिळून."

मी बोल्ट खोलून त्यांच्यासमोर पुठ्ठ्यावर तिन्ही दिवसांच्या वॉशर मांडल्या. तांबं मऊ असतं हाच त्याचा पराक्रम, मी सांगितलं. ते दोन कडक लोखंडांच्या मधे जाऊन बसतं, जरासं दबतं, खाचाखोचा भरतं आणि तेल अडवतं. पण हे एकदाच, आणि बेतानेच. तुम्ही पिळत राहिलात की ते पातळ होऊन बाजूला पळतं, बोल्ट ताणला जातो आणि गळायला लागतं. गळतंय म्हणून तुम्ही आणखी पिळता. "ही गाडी सैल आहे म्हणून गळत नाहीये. ती तुमच्यामुळे गळतेय. सगळ्यांच्या मायेमुळे."

"मायेमुळे कधी गळतं होय!" आई म्हणाली.

"आजपासून हट्टीला कुणी पाना लावायचा नाही."

"मग आवळणार कोण?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजपासून घरात कुणी श्वास घ्यायचा नाही असं म्हटलं होतं. शिंपी हळूच दाराकडे सरकला. जाता जाता त्याचा हात सवयीने पान्याकडे गेला आणि त्याने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"माझ्या बापाने आवळलं," काका म्हणाले, "मी आवळलं. तुझ्या बापाने आवळलं, आणि तो गेला तेव्हा त्याच्या हातून एकही गाडी सैल सुटली नव्हती. आणि तू मला सांगणार, कुणी नाही?"

"हो."

"वॉशर, शेंडी तुटो की पारंबी. रविवारी एक थेंब पडला तर टर्बो मी स्वतःच्या हाताने काढीन."

"काढा. पण रविवारपर्यंत हात खिशात ठेवा."

आत्या काठीवर रेलून बघत होती. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे याच्याबद्दल म्हणायचे," ती आईला म्हणाली. "आता घरात दोन सुंभ झाले."

मी हट्टीला नव्या वॉशर घातल्या, कट्, आणि नवी गुलाबी रेघ ओढली. मग घरातले सगळे सतराचे पाने गोळा केले. खिळ्यावरचा, गॅरेजातले, काकांच्या उशीखालचा, आणि एक आईच्या मसाल्याच्या डब्यामागे सापडला, तो तिथे का होता हे आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सगळे पोत्यात भरले आणि पोतं हट्टीच्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून गाडीला कुलूप लावलं.

पण सवय कुलपात बसत नाही. दुपारी पाहिलं तर आई बादली घेऊन बॉनेटपाशी उभी होती आणि तिचा मोकळा हात हवेतच फिरत होता. आत्या पोटात दुखतंय म्हणाली. दादाने काउंटरवरच्या पेनाचं टोपण एवढं आवळलं की ते दोन्ही हातांनी उघडेना. शिंप्याने भिंतीपलीकडून विचारलं, "सगळं ठीक आहे ना? आज काही आवाज नाही."

मला त्यांचं वाईट वाटलं असं नाही. पण ही माणसं रविवारपर्यंत टिकणार नाहीत हे दिसत होतं. म्हणून मी एक लाकडी ठोकळा घेतला, त्यावर जाड लोखंडी पट्टी ठोकली, पट्टीला भोक पाडून मागून नट जोडला आणि पुढून सतराचा बोल्ट लावला. हा ठोकळा दाराजवळच्या खिळ्याला टांगला. पोत्यातला एक पाना काढून शेजारी अडकवला. वर खडूने लिहिलं: इथे पिळा.

आई खाली आली. तिने वाचलं. बादली खाली न ठेवता तिने एक पीळ दिला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर फक्त दूध उतू जाताजाता वाचलं की पाहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत ठोकळ्याची ख्याती झाली. आत्याने काठी लावून पाहिली. शिंपी गिऱ्हाइकांना घेऊन आला. काका मात्र ठोकळ्याजवळून मान वर करून गेले.

"खेळणं," ते म्हणाले. "मला पोरखेळ नको."

त्यानंतर ते वर गेले, आणि मी गाडीच्या मागच्या बाजूला वाकलेली असताना जिन्यावर पावलं वाजली. मग किर्र किर्र असा आवाज आला. मी मुद्दाम वाकलेलीच राहिले.

शुक्रवारी गुलाबी रेघ अखंड होती. पुठ्ठा कोरडा. शनिवारी सकाळी रेघ अखंड होती आणि पुठ्ठ्यावर थेंब होता.

मी गाडीखाली शिरले. वरचा बोल्ट कोरडा ठणठणीत होता. तेल खालून येत होतं, टर्बोच्या पोटातून पाझरत होतं. तेल परत नेणारी जाड नळी बघितली. ती उताराने खाली जायला हवी होती. तिच्या कंबरेला एक तार बांधलेली होती आणि तारेने तिला वर ओढून गाडीच्या सांगाड्याला करकचून आवळलं होतं. नळी उंटाच्या पाठीसारखी झाली होती. पेन्शनरासाठी वाटेत डोंगर उभा केलेला. तो बिचारा तिथेच बसून राहिला, मागून आलेले त्याच्यावर साठले आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडायला लागले.

मी गाडीखालूनच ओरडले, "काका!"

त्यांचे पाय आले. "काय?"

"ही तार?"

"लोंबत होती नळी."

"मी हात लावू नका म्हटलं होतं!"

"तू म्हणालीस पाना लावायचा नाही. तार काय पाना आहे?"

"तिला लोंबायचंच असतं, काका! तेल उतरणार कसं?"

"मला लोंबणारं काही बघवत नाही," ते म्हणाले, आणि गेले.

तार कापली. पण आवळून आवळून नळीच्या तोंडाचं गॅस्केट फाटलं होतं, ते बदलायचं तर टर्बो उतरवावा लागणार आणि टर्बो उतरवायचा तर वरचा पोकळ बोल्टही खोलावा लागणार. उतरवला. नळी बेताची कापली, उतार सरळ केला, नवं गॅस्केट बसवलं. परत जोडायला घेतलं तर वॉशर संपलेल्या. दुकानात फोन केला. दुकानदाराच्या मुलीचं लग्न होतं, दुकान सोमवारपर्यंत बंद.

घरात वॉशर होत्या. काका जुन्या वॉशर फेकत नाहीत, त्यांचा एक डबा आहे. सगळ्या वापरलेल्या, दबलेल्या, कडक. एकदा दबलेलं तांबं निबर होतं, दुसऱ्यांदा जागा भरत नाही. पण त्याला लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की ते पुन्हा मऊ होतं. मी त्यातल्या त्यात जाड आणि धड अशा दोन निवडल्या, काचेवर पॉलिशपेपर ठेवून सपाट घासल्या आणि स्वयंपाकघरात गेले.

आईने न विचारता दुधाचं पातेलं बाजूला घेतलं. मी चिमट्यात वॉशर धरून ज्योतीवर धरली.

दारात काका येऊन उभे राहिले होते. हात खिशात.

"लाल होऊ दे," ते म्हणाले. "पिवळी नको. वितळेल."

"माहीत आहे."

"कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

चर्र. वॉशर पाण्यात पडली. दुसरी धरली.

"तांबं मऊ लागतं हे तुम्हीच शिकवलंत," मी म्हटलं. "मग एवढं पिळता कशाला?"

"तांबं मऊ लागतं म्हणालो. माणसं नाही म्हणालो."

"आणि बोल्ट?"

"बोल्ट माणसासारखा असतो."

"म्हणूनच तुटतो," आई म्हणाली आणि पातेलं परत गॅसवर ठेवलं. "चला, दोघंही बाहेर. दूध तापायचंय."

गाडी जोडली. टर्बोच्या तोंडात चमचाभर तेल ओतलं, म्हणजे पहिला फेरा कोरडा नको. बोल्टला पाना लावला. काका माझ्या खांद्यामागे उभे होते, त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता.

कट्.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी असा उसासा सोडला की मला वाटलं त्यांच्यातच कुठेतरी गळती आहे. मी गुलाबी रेघ ओढली.

रविवारी आम्ही सगळे गेलो. शिंपीसुद्धा. डोंगराच्या पायथ्याशी गाड्यांची रांग, प्रत्येकीचं बॉनेट उघडं, जणू सगळ्या दंतवैद्याकडे आल्या आहेत. तपासनीस बाई पांढरे हातमोजे घालून हिंडत होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"चहावाले ना तुम्ही?"

"तेच."

कागद अंथरला. मी इंजिन चालू केलं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि कागदाकडे बघू लागल्या. मी काकांच्या हातांकडे बघू लागले. हात खिशात नव्हते. ते त्यांच्या पिशवीत होते, आणि पिशवीतून किर्र असा आवाज येत होता.

"काका, काय आहे त्यात?"

त्यांनी पिशवी उघडली. ठोकळा होता. खिळ्यावरून काढून आणला होता, पान्यासकट.

"तुझ्या गाडीला हात लावलाय का मी?" ते म्हणाले. "नाही ना? मग गप्प बस."

इंजिन तापत गेलं. टर्बो शीळ घालू लागला. काका पिळत होते. आत्याने डोळे मिटून काठी घट्ट धरली. आईच्या हातात आज बादली नव्हती, त्यामुळे तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि ती ते एकमेकांत पिळत होती. दादा दुसऱ्यांच्या कागदांवर किती थेंब पडलेत ते बघून येत होता आणि प्रत्येक वेळी आनंदाने सांगत होता. पिशवीवर वाकलेल्या काकांच्या कपाळावरची शीर उभी राहिली.

"अजून जाईल," ते स्वतःशी म्हणाले. "अजून अर्धा जाईल."

टक्.

बोल्टचं डोकं उडालं, एकदा जमिनीवर आपटलं, गाडीखाली घरंगळलं आणि बरोबर पांढऱ्या कागदाच्या मधोमध जाऊन थांबलं.

तपासनीस बाईंनी ते दोन बोटांत उचललं. "हे तुमच्या गाडीचं आहे?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या काकांचं आहे."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांकडे ठोकळा होता, ठोकळ्यावर पट्टी होती, पट्टीत डोकं नसलेला बोल्ट होता आणि वर अजून खडूने लिहिलेलं दिसत होतं, इथे पिळा. बाईंनी जास्त चौकशी केली नाही. त्यांनी गाडीखाली विजेरी मारली, वरच्या बोल्टला हातमोज्याचं बोट लावलं, खालच्या नळीला लावलं, टर्बोच्या पोटावरून फिरवलं. बोट पांढरंच राहिलं. मग त्यांनी कागद उचलून उजेडात धरला. कागद कोरा होता.

"तेल नाही," त्या म्हणाल्या. "जा."

काका अजून बोल्टच्या डोक्याकडे बघत होते. घरचे सगळे त्यांच्याकडे बघत होते. मलाही वाटलं की आता काहीतरी होईल. माणूस आयुष्यात एकदा तरी म्हणतो, की पोरी, चुकलं माझं.

"मालच हलका," काका म्हणाले.

मी हेल्मेट घातलं. चढाच्या तोंडाशी गाडी लावली, पुढे चार गाड्या होत्या, त्या एकेक करत गेल्या. खिडकीत काका आले.

"पट्टा लावलास?"

"लावला."

"बघू."

मी नको म्हणायच्या आत त्यांचा हात आत आला आणि त्यांनी पट्टा असा ओढला की माझ्या बरगड्यांनी एकमेकींची चौकशी केली. मग ते मागे सरले, हात खिशात घातले आणि समाधानाने माझ्याकडे बघू लागले. झेंडेवाल्याने झेंडा वर केला.

मी काकांकडे बघत, त्यांच्या डोळ्यांतून डोळे न काढता, पट्टा श्वास मावेल एवढा सैल केला. त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला, हवेत थोडासा वळला आणि तसाच थांबला.

झेंडा पडला.